सोनोग्राफीला आतडं दिसू लागलं

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला बाळंतपण आठवतं. पण याच यंत्राने आतड्याची सूजही पाहता येते. ते कसं जमलं, हे आज पाहू.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. लोखंडाला आतून तडा गेलाय का, हे कारखान्यात ध्वनिलहरींनी तपासत. १९५५ साली डोनाल्ड यांनी ऑपरेशनने काढलेल्या गाठी तिथल्या यंत्रावर तपासल्या. पुढे एका बाईला पोटाचा कॅन्सर आहे, इलाज नाही, असं ठरलं होतं. या तपासणीत ती अंडाशयातली पाण्याची गाठ निघाली. ती काढता आली. १९५८ साली हे काम छापून आलं.

आतडं मात्र मागे राहिलं. त्यात वायू असतो आणि वायूतून या लहरी पलीकडे जात नाहीत. १९८६ साली नेदरलँड्सच्या डॉ. पाउलार्ट यांनी अपेंडिक्स पाहण्यासाठी साधी रीत मांडली. यंत्राचा हातातला भाग पोटावर हळूहळू दाबायचा. वायू सरकतो, आतडं दिसतं.

याचा फायदा क्रोन्सच्या रुग्णांनाही झाला. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि दोन सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं. यात आतडं सुजतं, पोट दुखतं, जुलाब होतात, वजन उतरतं. आजार शमतो, पुन्हा उसळतो. त्यामुळे तपासणी वारंवार लागते. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात, सोनोग्राफीत नसतात. निरोगी आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असते. सूज आली की ती जाड होते, तिथला रक्तप्रवाह वाढतो. दोन्ही पडद्यावर दिसतं. २०१८ साली ब्रिटनमध्ये २८४ रुग्णांचा अभ्यास छापला गेला. त्यात लहान आतड्याचा आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ९७ जणांत तो एमआरआयने ओळखला, सोनोग्राफीने ९२ जणांत.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवू. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असाच दिसतो. क्रोन्सची काही औषधं शरीराची प्रतिकारशक्ती कमी करतात. टीबी असताना ती घेतली, तर टीबी बळावतो. म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर निदान होत नाही. दुर्बिणीने आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.

पोटाचं दुखणं आपण बाया ओवा-हिंग घेऊन अंगावर काढतो. जुलाबाचं सांगायला लाजतो. पण जुलाब महिनाभर थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना सगळं मोकळेपणाने सांगायचं. गटातली एखादी अशी कुढत असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात आपणच जाऊ.