मामांच्या डब्यातलं लोहगाव

इंदापूरला आमच्या मामांकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात चार नाणी, एक पितळी बटण आणि एक रिकामं काडतूस. दुसऱ्या महायुद्धात आजोबा पुण्याजवळ लोहगावच्या विमानतळावर मजुरीला होते आणि हे सगळं तिथलंच, असं मामा सांगतात. आता घरात विषय निघालाय की 'मिलिटरीची नाणी' विकून टाकावीत. म्हणून या दिवाळीत भिंग घेऊन बसलो.

मुळात मिलिटरीची वेगळी नाणी आपल्याकडे नव्हतीच. सोल्जरच्या खिशातला पैसा तोच बारामतीच्या बाजारातला पैसा. डब्यातला भोकाचा पैसा १९४३ चा. युद्धात धातूची टंचाई, म्हणून सरकारने पैशाला मधे भोक पाडलं (लोकांनी पुढे त्याचे वॉशर केले, ते निराळं!). जॉर्ज बादशहाचा रुपया १९४४ चा, म्हणजे निम्मीच चांदी. १९४० च्या आधीच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के असायची. पण साल एवढंच सांगतं की नाणं त्याआधी हरवलेलं नाही. १९५७ ला नवे पैसे आले तोवर ते कुठेही, कुणाच्याही खिशातून पडू शकतं.

खरा साक्षीदार बटण. त्यावर पंख पसरलेला गरुड आणि वर मुकुट. १९५० ला आपल्या हवाईदलाने मुकुट काढून अशोकस्तंभाचे सिंह घेतले, तेव्हा बटण त्याआधीचं. काडतुसाच्या बुडावर 'के एफ' आणि ४४. के एफ म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी, लोहगावपासून सायकलच्या अंतरावर. अर्थात खडकीची काडतुसं देशभर जात, त्यामुळे एवढ्याने आजोबांची गोष्ट सिद्ध होत नाही. पण कुठे खोटीही पडत नाही, आणि मला तेवढं पुष्कळ वाटलं.

बारामतीच्या भाच्याने लगेच विचारलं, "आमच्या विमानतळावर शोधू का?" अरे बाबा, ती धावपट्टी १९९० च्या दशकातली. तिथे भोकाचा पैसा सापडलाच तर तो एखाद्या शेतकऱ्याच्या कनवटीचा. आपल्या भागाचा विमानांशी जुना संबंध आहे तो वेगळाच. वालचंदनगर उभारणाऱ्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. त्यावर पुन्हा कधीतरी.

तुमच्याकडे असं काही असेल तर चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. काडतुसाला पुढे गोळी असेल तर हातही न लावता पोलिसांना कळवा. आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं.

विकण्याचं म्हणाल तर सुटा रुपया चांदीच्या भावात जाईल आणि बटणाला भंगारवाला काय देणार? मी मामांना बसवून आजोबा कुठे, काय काम करत, कुणाबरोबर जात, हे सगळं वहीच्या पानावर लिहून घेतलं. मामींनी पान डब्यात ठेवलं आणि डबा परत फडताळात.