सातांपैकी सहा

मे 2021
फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट भागातलं तिमजली घर. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या रांगेतलं. मालकी शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, आत दोन बिऱ्हाडं. तपासणीचे लोक येऊन जातात. धुराचे अलार्म चालू आहेत, असं प्राधिकरण पुढे सांगणार आहे. आग लागायला अजून आठ महिने आहेत, पण माझ्या हिशेबी घटनाक्रम इथूनच सुरू होतो.

जून ते डिसेंबर
याच काळात ते अलार्म मुके होतात. अलार्म मुका कसा होतो, हे अमेरिकेत संसार करणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फोडणीत मिरची पडली की छतावरची पांढरी डबी किंचाळू लागते. कुणीतरी टॉवेलनं वारा घालतं, कुणी खिडक्या उघडतं, आणि एके दिवशी कुणीतरी वैतागून खुर्चीवर चढतं आणि बॅटरीच काढून ठेवतं. ‘नंतर बसवू.’ डबी कपाटाच्या खणात जाते. त्या क्षणी धूर नसतो, भीती नसते, उलट घरात छान शांतता होते.

डिसेंबर अखेर
शहरभर ख्रिसमसची झाडं उभी आहेत. झाड तोडलेलं असलं तरी तहानलेलं असतं. पहिल्या दिवशी ते चार-चार लिटर पाणीसुद्धा पिऊन टाकतं. बुडातलं पाणी आटलं आणि हीटरची कोरडी हवा लागत राहिली, की त्याच्या सुयांचा पेंढा होतो.

4 जानेवारी 2022, मंगळवारची रात्र
ख्रिसमस होऊन दहा दिवस झाले. झाड उतरवायचा परंपरेचा दिवस 6 जानेवारी. म्हणजे झाडं सगळ्यात जास्त वाळलेली असतात ती नेमकी याच दिवसांत. (आपणही दिवाळीच्या माळा तुळशीच्या लग्नापर्यंत काढत नाही. तेव्हा नावं ठेवायला नकोत.)

5 जानेवारी, पहाट
बाहेर मिट्ट काळोख. या दिवसांत तिथे सूर्य उगवायला सात वाजून जातात. दुसऱ्या मजल्यावर झाड, त्याच्याजवळ लायटर आणि पाच वर्षांचं एक मूल.

नंतरचे सेकंद
अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनं वाळलेलं पाइनचं झाड खोलीत पेटवून बघितलं आहे. तीन सेकंदांत झाड नखशिखान्त पेटलं आणि चाळीस सेकंदांच्या आत अख्खी खोली. झोपेतल्या माणसाला उठून चप्पल शोधायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

सकाळी 6:40
अग्निशमन दल पोहोचतं. दुसऱ्या मजल्याच्या दर्शनी खिडक्यांतून ज्वाळा बाहेर येत आहेत.

7:30 च्या सुमारास
पन्नास मिनिटांनी आग आटोक्यात येते. मृत बारा: तीन सख्ख्या बहिणी आणि नऊ मुलं. शंभराहून अधिक वर्षांत या शहरातल्या एका आगीत एवढी माणसं दगावली नव्हती.

9 जानेवारी, रविवार, सकाळी 10:54
चारच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एकोणीस मजली इमारतीतून पहिला फोन जातो. झोपायच्या खोलीत विजेचा हीटर पेटला आहे. घरातली माणसं बाहेर पळतात. आपोआप मिटायला हवं होतं ते दार मिटत नाही आणि धूर जिन्यानं वर चढत जातो. मृत सतरा, त्यांतली आठ मुलं. सगळे धुरानं गेले. इथे अलार्म वाजत होता. पण तो एरवीही इतक्यांदा उगाच वाजायचा, की अनेकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. एका शहरात अलार्म गप्प होता म्हणून माणसं गेली, दुसऱ्यात त्याच्यावरचा विश्वास उडाला होता म्हणून.

11 जानेवारी
फिलाडेल्फियाचे अग्निशमन आयुक्त अ‍ॅडम थील तपासाचा निष्कर्ष सांगतात: आग ख्रिसमसच्या झाडाला लायटरनं लागली. घरात धुराचे अलार्म सात सापडले. सहा बंद होते, त्यांतले काही खणात पडलेले. सातवा वाजला. तो तळघरात होता, वरच्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता.

वाचून झालं असेल तर खुर्ची घ्या, छतावरच्या डबीचं बटण दाबा आणि ती वाजते का बघा. फोडणीचा धूर झाला तर खिडकी उघडा. बॅटरीला हात लावू नका.