नर्सिंगला जायचंय, मग आधी कोणती पदवी घ्यायची?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यातल्या एखाद्या घरात बारावीचा निकाल लागला की मुलीसमोर सल्ल्यांची रांग लागते. काका म्हणतात, "आधी बी.एस्सी. करून घे, मग नर्सिंगचं बघू." मैत्रीण मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवते. त्यात पदवीनंतर नर्सिंग स्कूलला कसं जायचं हे सांगितलेलं असतं. दोन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले असतात, पण ते ऐकून मुलीची तीन वर्षं जाऊ शकतात.

थोडक्यात उत्तर

भारतात नर्सिंगसाठी आधी कोणतीही पदवी लागत नाही. बी.एस्सी. नर्सिंग हीच चार वर्षांची पहिली पदवी आहे. तिथे पदवीचे नाही, बारावीचे विषय आणि गुण पाहिले जातात. त्यामुळे खरा निर्णय दहावीनंतर, अकरावीचा फॉर्म भरतानाच होतो.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी काय लागतं?

- बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या चारही विषयांत उत्तीर्ण.
- भौतिक, रसायन, जीव या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के. अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के.
- प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण.
- प्रवेश परीक्षा. महाराष्ट्रात ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, घेतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल अशा पाच भागांवर प्रश्न असतात.

शिक्षणाचे नियम भारतीय परिचर्या परिषद ठरवते. राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

कला किंवा वाणिज्य घेतलं असेल तर?

दार बंद होत नाही, रस्ता थोडा लांबतो. तीन वर्षांच्या जीएनएम या पदविकेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. बारावीत एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही किमान ४० टक्के हवेत. जीएनएमनंतर परिचर्या परिषदेत नोंदणी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. म्हणजे पदवीपर्यंत चारऐवजी पाच वर्षं.

मुलींसाठी दोन वर्षांचा एएनएम हा आणखी एक अभ्यासक्रम आहे. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी करणाऱ्या ताई बहुतेक एएनएम झालेल्या असतात. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे. त्यामुळे देवरी, सालेकसा या तालुक्यांत हे काम लोकांच्या चांगल्या ओळखीचं आहे.

गणित घेतलं, जीवशास्त्र नाही. आता?

अकरावीतच असाल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणं सर्वांत सुरक्षित. बारावी झाली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, जीवशास्त्राची परीक्षा देता येते का ते पाहा. मात्र फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची सीईटीची माहितीपुस्तिका वाचा.

मग आधी घेतलेली बी.एस्सी. वाया जाते का?

ज्ञान म्हणून नाही, पण प्रवेशात तिचा फायदा मिळत नाही. समजा, एका मुलीला प्राणिशास्त्राच्या पदवीत ६८ टक्के आहेत, पण बारावीत भौतिक, रसायन, जीव मिळून ४२ टक्केच होते. खुल्या प्रवर्गात ती बी.एस्सी. नर्सिंगला अपात्र ठरते. ६८ टक्क्यांमुळे ४२ भरून निघत नाहीत. पात्र असती तरी तिला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागली असती. तिच्यासाठी जीएनएमचा मार्ग उरतो.

मग अमेरिकेतला व्हिडिओ खोटा आहे का?

नाही, तो तिथल्या पद्धतीबद्दल आहे. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी साधारण वर्ष-दीड वर्षाचे जलद नर्सिंग अभ्यासक्रम असतात. तिथेही पदवी कोणत्या विषयाची यापेक्षा शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरावीक विषय झालेत का, हे बघतात. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना ही माहिती उपयोगी आहे. कुडव्यातून अर्ज करणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही.

विशेष विषय कधी निवडायचा?

एम.एस्सी. नर्सिंगला. बालरुग्ण, मानसिक आरोग्य, स्त्रीरोग व प्रसूती, सामुदायिक आरोग्य, वैद्यकीय-शल्य परिचर्या अशा शाखा तिथे असतात. त्यासाठी नर्सिंगच्या पदवीत ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. तोपर्यंत वॉर्डात काम करून आपला कल कळलेला असतो.

पैसे भरण्याआधी हे तपासा

- महाविद्यालय आणि तो अभ्यासक्रम, दोन्हींना त्या वर्षाची मान्यता आहे का?
- विद्यार्थी प्रत्यक्ष शिकतात ते रुग्णालय कोणतं? तिथे रुग्ण असतात का? एकदा स्वतः जाऊन पाहा.
- शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? "नर्सिंग असिस्टंट" नावाच्या सहा महिने किंवा वर्षभराच्या प्रमाणपत्राने ती होत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णालय जवळ असल्याने परिचारिकेचं काम इथल्या मुलामुलींना रोज दिसतं. घरात कोणी दहावीत असेल तर अकरावीचा फॉर्म भरण्याआधी "जीवशास्त्र घेतोयस ना?" किंवा "घेतेयस ना?" एवढं नक्की विचारा.