बुजता बुजता राहिलेले पाणी

आम्सटरडॅमच्या कालव्यांतून विजेवर चालणाऱ्या छोट्या होडीत आठ-दहा माणसे दाटीने बसतात. धूर नाही, घरघर नाही. नावाडी हळू बोलला तरी ऐकू येते. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे कालवे १६१३ सालापासून खणले गेले, ते काही सहलीसाठी नव्हेत. आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालणारे डच ते हेच! माल होडीतून थेट दाराशी यावा आणि दोराने माळ्यावर चढावा, असा त्यांचा व्यापारी हिशेब. घरांच्या कपाळावरची तुळई आणि आकडा अजून दिसतो.

पुढे या पाण्याचाच शहराला वीट आला. दुर्गंधी सुटे, शिवाय गाड्यांना वाट हवी. १८८९ मध्ये रोझेनग्राख्त बुजवला. ‘ग्राख्त’ म्हणजे कालवा. त्या नावाच्या रस्त्यावरून आज ट्राम धावते! १९५४ साली तर खुद्द पोलीसप्रमुखांनीच मोटारींसाठी आणखी कालवे बुजवण्याची योजना मांडली. लोक खवळले आणि ती बारगळली, हे फार बरे झाले. २०१० मध्ये युनेस्कोने याच कालव्यांना जागतिक वारसा ठरवले. आता शहराच्या मध्यभागी विहाराच्या नौका धूर न सोडणाऱ्याच हव्यात, असा २०२५ पासून नियम आहे.