आनाबाईंची शिकवणी

मालवणात १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ झाले. हा समाज १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी सुरू झाला होता. आत्मारामांचे बंधू दादोबा म्हणजे मराठीचे व्याकरणकार. जातिभेद नको, मुलींना शिकवा, हे ही मंडळी नुसती सभेत बोलत नव्हती. डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे आना, विलायतेला जाऊन आली होती.

१८७८ च्या पावसाळ्यात या घरी सतरा वर्षांचा बंगाली पाहुणा आला. रवींद्रनाथ ठाकूर. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, सनदी सेवेतले पहिले हिंदी अधिकारी, तेव्हा अहमदाबादला न्यायाधीश होते. धाकट्याला ते विलायतेला नेणार होते, पण त्याचं इंग्रजी बेताचं आणि साहेबी रीतिरिवाजांची ओळख त्याहून कमी. म्हणून स्नेह्यांच्या घरी ठेवला, आणि शिकवायचं काम आनाकडे आलं. ती त्याच्याहून थोडी मोठी होती.

शिकवणी कितपत झाली कोण जाणे! मिरवावी अशी विद्या जवळ नव्हती, म्हणून आपण कविता करतो एवढं विद्यार्थ्याने बाईंना कळू दिलं. ‘कविकाहिनी’ हे आपलं काव्य तो तिला इंग्रजीत समजावून सांगे. मला एखादं नाव दे, असं तिने म्हटल्यावर त्याने ‘नलिनी’ हे नाव दिलं. त्या काव्याच्या नायिकेचंही तेच. दाढी कधी राखू नकोस, चेहऱ्याची रेषा झाकली जाईल, असं तिने बजावलं होतं. ते त्याने किती ऐकलं, हे सगळ्या जगाने पाहिलं.

हातमोज्यांचा किस्सा त्याने उतारवयात दिलीपकुमार रॉय यांना सांगितला. झोपलेल्या स्त्रीचे हातमोजे जो चोरेल त्याला तिचं चुंबन घ्यायचा हक्क मिळतो, असं आनाने एकदा सांगितलं आणि थोड्या वेळाने ती आरामखुर्चीत झोपी गेली. जागी झाल्यावर तिने आधी मोज्यांकडे पाहिलं. मोजे जागच्या जागी होते.

२० सप्टेंबर १८७८ ला रवींद्रनाथांचं जहाज सुटलं. दोन वर्षांनी, १८८० मध्ये, आनाने हॅरल्ड लिटलडेल या गोऱ्या प्राध्यापकाशी लग्न केलं. त्या काळी हे किती धाडसाचं होतं ते रखमाबाईंच्या खटल्यावरून कळतं. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न मानायला रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा १८८४ पासून कोर्टकचेरी आणि वर्तमानपत्रांतली चिखलफेक चार वर्षं चालली. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन आणि आत्माराम पांडुरंग हे १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांतले दोन हिंदी सभासद. म्हणजे वर्तुळ एकच. आना १८९१ मध्ये एडिंबरोत वारली. त्याच वर्षी भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला.

आनाची ही हकीकत सांगितली ती रवींद्रनाथांनीच, तीही तिच्या मागे. ‘छेलेबेला’ हे बालपणीच्या आठवणींचं पुस्तक १९४० चं. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. तिची आठवण त्यांनी मायेने काढली आहे, थट्टेचा सूर कुठेच नाही. तरी ही विद्यार्थ्याने सांगितलेली बाजू आहे. मोजे न उचलणारा तो मुलगा तिला बावळट वाटला की सभ्य, हे त्यात येत नाही.