काकिया, कीना आणि दुष्टपण

बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्यात 'काकिया' हा शब्द अनेकदा येतो. इफिसकरांस पत्रात (4:31) तो कडूपणा, राग, निंदा यांच्या यादीत शेवटी आहे. तिथे अर्थ आकस, म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं ही इच्छा. मराठी बायबलात त्यासाठी 'दुष्टपण' हा शब्द आढळतो.

हा शब्द निघाला 'काकोस'पासून. काकोस म्हणजे वाईट, निकृष्ट. जुन्या ग्रीकांच्या लेखी काकिया हा द्वेष नव्हता. ती 'आरेते'ची, म्हणजे सद्गुणाची, उलट बाजू होती. मत्तयात (6:34) मात्र याच शब्दाचा अर्थ रोजचा त्रास असा होतो. म्हणजे भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. पंडिता रमाबाईंनी याच कामासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबल मराठीत आणलं. त्यांचा नवा करार 1913 साली निघाला. संपूर्ण ग्रंथ 1924 साली आला, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

गंमत अशी, की आपला 'दुष्ट'ही त्याच वाटेने आला. संस्कृत 'दुष्' म्हणजे बिघडणं; 'दूषित' आणि 'दोष' त्याच घरातले. वैद्य दूषित रक्ताला आजही दुष्ट रक्त म्हणतात.

आमच्या मालेगावात, उर्दू घरांत, याच भावनेला 'कीना' म्हणतात. हा फारसी शब्द वेगळ्या कुळातला आहे. अवेस्तातला 'कएना' म्हणजे बदला, शिक्षा. ग्रीक 'पोइने' त्याचा सख्खा भाऊ, अर्थ दंड, खुनाची भरपाई. म्हणजे कीन्याच्या मुळाशी हिशेब आहे: कुणीतरी काही केलंय, ते चुकतं करायचंय.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. 8 सप्टेंबर 2006 चे बॉम्बस्फोट या शहराने सोसले. ज्यांची माणसं गेली, त्यांनी न्याय मागणं म्हणजे आकस नव्हे. तो हिशेब आहे आणि त्याची जागा कोर्टात आहे. पण एखाद्या अफवेवरून अख्ख्या मोहल्ल्याचं, अख्ख्या समाजाचं वाईट चिंतणाऱ्याकडे मागायला कुठली भरपाई असते? तिथे चुकता करायचा हिशेबच नाही, म्हणून तो कधी मिटतही नाही. ती काकिया, आतली नासाडी. ती समोरच्याच्या मनात शोधायला आपण सगळेच तरबेज आहोत. शब्द मात्र ज्याच्या मनात ती आहे, त्यालाच बिघडलेला म्हणतो.