क्रुगर राष्ट्रीय उद्यानातील अवर्षण

क्रुगर राष्ट्रीय उद्यान हे दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागातील सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र आहे. १९२६ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. येथील गवताळ वनप्रदेशात अवर्षण ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येते. त्यावर योजलेल्या उपायांचे परिणाम आणि हंगामी हवामान अंदाजाचा उपयोग यांमुळे हे उद्यान वन्यजीव व्यवस्थापनाच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते.

पर्जन्यमान

येथे मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या उन्हाळी महिन्यांत पाऊस पडतो. नैर्ऋत्येकडील प्रिटोरियसकॉप परिसरात वार्षिक सरासरी ७०० मिलिमीटरहून अधिक असते, तर उत्तर टोकाकडे ती सुमारे ४५० मिलिमीटरपर्यंत घटते. दीर्घकालीन नोंदींनुसार साधारण दहा वर्षांचा ओला कालखंड आणि तेवढाच कोरडा कालखंड आलटून पालटून येतो. मात्र हे चक्र काटेकोर नाही. १९८२-८३, १९९१-९२ आणि २०१५-१६ ही तीव्र अवर्षणाची वर्षे होती. तिन्ही वेळा प्रशांत महासागरात एल निनो सक्रिय होता.

प्राण्यांवरील परिणाम

अवर्षणात बहुतेक प्राणी तहानेने नव्हे, तर चाऱ्याअभावी मरतात. गवतावर जगणाऱ्या म्हशी व पाणघोड्यांना त्याची सर्वाधिक झळ बसते. १९९१-९२ च्या अवर्षणानंतर म्हशींची संख्या जवळपास निम्म्यावर आली. २०१६ मध्ये उद्यान प्रशासनाने सुमारे ३५० पाणघोडे व म्हशी मारून त्यांचे मांस परिसरातील गरजू लोकांना देण्याची योजना आखली. याउलट, अशक्त जनावरे सहज सापडत असल्याने सिंहांना अशा काळात भक्ष्य मुबलक मिळते.

कृत्रिम पाणवठे

१९३० च्या दशकापासून उद्यानात ३०० हून अधिक विंधनविहिरी खोदण्यात आल्या आणि बंधारे बांधण्यात आले. उत्तरेकडील कोरड्या भागात बारमाही पाणी मिळू लागल्याने तेथे झेब्रे व विल्डबीस्ट वाढले आणि त्यांच्या मागोमाग सिंह आले. उंच गवतात राहणाऱ्या दुर्मीळ रोन हरणांना याचा फटका बसला. १९८६ मध्ये सुमारे ४५० असलेली त्यांची संख्या १९९३ पर्यंत ५० च्या खाली गेली. वाढती शिकार आणि अवर्षणामुळे खालावलेले गवत ही या घटीची प्रमुख कारणे मानली जातात. त्यानंतर निम्म्याहून अधिक कृत्रिम पाणवठे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले.

हवामान अंदाज

एल निनोच्या काळात पाऊस देणारे ढगांचे पट्टे पूर्वेकडे सरकतात व दक्षिण आफ्रिकेवर उच्च दाब टिकून राहतो. त्यामुळे प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून पावसाचा अंदाज काही महिने आधी बांधता येतो. तो सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका किंवा जास्त पावसाच्या शक्यतेच्या रूपात दिला जातो. तो नेहमीच खरा ठरत नाही: १९९७-९८ मध्ये एल निनो अतितीव्र असूनही या प्रदेशात अपेक्षित भीषण अवर्षण पडले नाही. शिवाय उद्यानातील एखाद्या विशिष्ट भागात किती पाऊस पडेल, हे अशा अंदाजातून कळत नाही. त्यामुळे पाणवठे, चारा आणि प्राण्यांची संख्या यांच्या नियमित नोंदींसोबतच त्याचा वापर करावा लागतो.